ट्रॉलीच्या मागचा दिवा कुणासाठी?

नवा फोन घ्यायचा म्हटलं की आपण पंधरा दिवस रिव्ह्यू बघत बसतो. कॅमेरा किती, बॅटरी किती, चार्जिंग किती वॅटचं. त्यात आता एक नवीन प्रश्न आलाय, 'आयपी ६८ आहे का?' म्हणजे पाण्यात पडला तरी चालेल का. दुकानदाराला हे विचारताना आपण एकदम इंजिनिअर असतो. मग आता सांगा, तुमच्या घरच्या, चुलत्यांच्या नाहीतर शेजारच्या ट्रॅक्टरला जी ट्रॉली आहे, तिच्या मागच्या दिव्याचं आयपी रेटिंग किती? थांबा, त्याआधीचा प्रश्न विचारतो. तिला मागं दिवा आहे का?

बहुतेकांचं उत्तर 'होता' असं येईल. ट्रॉली नवी आली तेव्हा होता. मग एका पावसाळ्यात त्यात पाणी गेलं, एकदा कारखान्याच्या यार्डात मागच्या गाडीनं ठोकला, उंदरानं वायर कुरतडली, आणि नंतर कुणी बघितलंच नाही. आता तिथं गंजलेली पट्टी आणि लोंबणारी वायर उरली आहे.

दिवाळी झाली की आपल्या परभणी जिल्ह्यात रस्त्यांचं रूप बदलतं. गोदावरीचा काठ आणि जायकवाडीचा डावा कालवा यामुळे पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या पट्ट्यात ऊस आहे. कारखान्याचं गाळप एकदा सुरू झालं की दिवसरात्र चालतं, त्यामुळे ऊसही दिवसरात्र रस्त्यावर असतो. परभणी-गंगाखेड रस्ता घ्या, नाहीतर पाथरी-मानवत-परभणी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ घ्या. एका हेडला दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचा डोंगर, मागं लोंबणारे वाढे. आणि त्याच रस्त्यावर तुम्ही असता. अभ्यासिकेतून रात्री दहाला गावाकडं निघालेले. लग्नाहून परत येणारे. पहाटे पाचला पोलीस भरतीसाठी रस्त्यावर पळणारे. बाइकवर दोघं, कधी तिघं.

उसाचं पाचट आणि रात्रीचा डांबरी रस्ता यांचा रंग अंधारात एकच होतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ट्रॉलीला टिकाऊ, पाणी न शिरणारा मागचा दिवा लावणं हे आता घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराचं आणि पोरीचं काम आहे. बाबांचं नाही, ड्रायव्हरदादाचं नाही, कारखान्याचंही नाही. का ते सांगतो.

दोन सेकंदांचं गणित

बारावीला फिजिक्स घेतलेलं नसलं तरी हे जमेल. बाइक ताशी ६० च्या वेगानं चालली असेल तर एका सेकंदात ती साधारण १७ मीटर जाते. डिपरवर साध्या बाइकचा उजेड कामाचा असतो तो ३०-४० मीटरपर्यंत. समोर पंक्चर होऊन उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली तुम्हाला ३० मीटरवर दिसली, तर तिच्यापर्यंत पोचायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. त्यातला दीड सेकंद 'अरे, हे काय आहे' हे कळण्यात आणि हात-पाय ब्रेकवर जाण्यात जातो. उरलेल्या वेळात बाइक थांबत नसते. समोरून ट्रकचा फुल्ल लाइट डोळ्यांवर आला असेल तर ते ३० मीटरही विसरा.

आता दुसरी बाजू बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे वाहनाचा मागचा लाल दिवा मागून १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. १५५ मीटरवर लाल ठिपका दिसला तर ६० च्या वेगातही तुमच्याकडं नऊ सेकंद असतात. ट्रॉली ताशी २० नं चालत असेल तर जवळजवळ चौदा. चौदा सेकंदांत माणूस आरामात वेग कमी करतो, गिअर बदलतो, बाजूनं निघून जातो आणि घरी जाऊन जेवतो. दोन सेकंद आणि चौदा सेकंद, यांच्यामधला फरक म्हणजे तो दिवा.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती. म्हणजे आपण, आपला दादा, आपली वहिनी. यातले सगळे काही ट्रॉलीमुळे गेले नाहीत, हे खरंच. पण आपल्या भागात हिवाळ्यातला पेपर उघडला की 'उभ्या ट्रॉलीला पाठीमागून धडक' ही बातमी तुम्हीही वाचलेली असते. आणि अशा बातमीत वेग दुचाकीचा असतो म्हणून दोषही तिच्यावर टाकून लोक मोकळे होतात.

'रेडियम लावलंय की!'

हा पहिला युक्तिवाद. गाळप हंगाम सुरू होताना आरटीओ, पोलीस आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात, पेपरात फोटो येतो. मोहीम चांगलीच आहे. पुढं पांढरी, बाजूला पिवळी आणि मागं लाल पट्टी पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही.

पण रेडियमला स्वतःचा उजेड नसतो. तुमचा हेडलाइट त्याच्यावर पडला तरच ते चमकतं. बाइकचा दिवा मंद असेल, वळण असेल, पट्टीवर काळ्या मातीचा चिखल बसला असेल किंवा वाढे लोंबून पट्टी झाकली असेल, तर रेडियम असून नसल्यासारखं. दिवा मात्र मागच्याच्या उजेडाची वाट बघत नाही. उलट, हेडपासून सोडवून रस्त्याकडेला एकटी उभी केलेली ट्रॉली असेल तर तिला करंटच नसतो. तिथं दिवा बंद आणि रेडियमच कामाला येतं. म्हणून दोन्ही पाहिजे. यातलं एक लावून दुसऱ्यातून सुटका नाही.

मग दिवे टिकत का नाहीत?

लोक म्हणतील, 'ऊस तर हिवाळ्यात जातो, पाणी कुठून आलं?' पाणी हिवाळ्यात येतच नाही. ट्रॉली जून ते सप्टेंबर उघड्यावर उभी असते, आखाड्यावर किंवा लिंबाखाली. दिव्याच्या काचेखालचं रबर उन्हानं आधीच कडक झालेलं असतं. पाणी ऑगस्टमध्ये शिरतं आणि कळतं डिसेंबरमध्ये, रात्री अकराला, भरल्या ट्रॉलीसह. शिवाय पाणी दिलेल्या उसातला गाळ, कालव्याचा चर ओलांडताना चाकानं उडवलेलं पाणी, सर्व्हिसिंगला मारलेला प्रेशरचा पाइप, पहाटेचं दहिवर आणि मधेच येणारा अवकाळी. आतला होल्डर गंजतो, बल्बची तार धक्क्यांनी तुटते, खेळ खल्लास.

याच्या मागं एक खरं कारण आहे, ते जरा कडू आहे. मागचा दिवा मालकाच्या उपयोगाचा नाही. पुढचा हेडलाइट गेला तर ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो. मागचा गेला तर ट्रॅक्टर तसाच चालतो, ऊस तसाच पोचतो, बिल तेवढंच निघतं. तो दिवा मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. त्याचा खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा, म्हणून यादीत तो सगळ्यात खाली. ट्रॅक्टरवर मोठमोठे साउंड बॉक्स आणि रंगीबेरंगी लाइटिंग लावणारे बहाद्दर आपण बघतोच. गाणं दोन किलोमीटरवरून ऐकू येतं राव, पण ट्रॉली वीस मीटरवरून दिसत नाही!

आणि इथंच तुमचा नंबर येतो. तुम्ही एकाच वेळी दोन्ही बाजूंना आहात. घरात ट्रॉली आहे, आणि दुसऱ्याच्या ट्रॉलीमागं बाइकवरही तुम्हीच आहात. बाबांना तो दिवा खर्च वाटत असेल, पण तुम्हाला तरी तो तसा वाटायचं कारण नाही.

घेताना काय बघायचं

आता कामाचं बोलू. फोनइतकाच वेळ द्या, पुरे.

आयपी रेटिंग. यात दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, तो ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याचा फवारा सहन करतो. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. ८ म्हणजे त्याहून जास्त, कंपनी सांगेल तितकं. ट्रॉलीला आयपी ६७ किंवा त्यापुढचाच घ्या. खोक्यावर नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलंय आणि आकडा नाही, तर तो शब्द फुकटचा समजा.

सीलबंद एलईडी. स्क्रू काढून काच निघते असा दिवा घेऊ नका. तो उघडतो म्हणूनच पाणी घेतो. काच आणि बॉडी एकजीव केलेली, आतलं सर्किट रेझिनमध्ये बुजवलेलं आणि वायर आतूनच बाहेर काढलेली, असा दिवा बघा. यात तार नसल्यामुळे धक्क्यानं ती तुटायचा प्रश्नच नाही. बल्बवाला ब्रेक लाइट २१ वॅट खातो, एलईडीला त्याच्या पाव हिस्साही लागत नाही, म्हणून जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर आणि लांब वायरवरही तो मंद होत नाही. आणखी एक, बल्ब तापून पूर्ण पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा घेतो, एलईडी लगेच पेटतो. ६० च्या वेगात तेवढ्या वेळात बाइक तीन मीटरच्या वर जाते. बाइकच्या लांबीपेक्षाही जास्त.

व्होल्टेज. ट्रॅक्टर १२ व्होल्टवर चालतो, मोठे ट्रक २४ वर. ट्रकच्या दुकानातून २४ व्होल्टचा दिवा आणाल तर ट्रॅक्टरला तो मिणमिणेल किंवा पेटणारच नाही. दोन्हीवर चालणारे दिवे मिळतात, खोक्यावर लिहिलेलं असतं. तेच बरे.

काच. पॉलिकार्बोनेटची असेल तर दगड लागूनही सहसा फुटत नाही. साधं ॲक्रेलिक तडकतं, आणि तडा गेला की आयपी रेटिंगही गेलं.

रंग. मागं लाल, इंडिकेटर पिवळा. निळे, जांभळे, लुकलुकणारे नकोत. मागं पांढरा लावून ठेवाल तर मागच्याला वाटेल समोरून गाडी येतेय.

घरी आणल्यावर एक परीक्षा घ्या. दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून वीस मिनिटं पेटता ठेवा. जरा गरम झाला की पेटता असतानाच पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा. बॅटरी आणि जोड बाहेर, कोरड्या जागेत ठेवा. गरम वस्तू गार होताना आतली हवा आकसते आणि कुठं फट असेल तर पाणी आत ओढलं जातं. बाहेर काढून रात्रभर तसाच ठेवा. सकाळी काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर दिवा दुकानात परत. 'बदलून देणार का?' हे मात्र घेतानाच विचारून ठेवा.

दिवा चांगला, वायर रद्दी

आपल्याकडं निम्मे दिवे आत पाणी जाऊन जात नाहीत, ते जोडापाशी मरतात. दोन वायरी पिळल्या, वर काळी टेप मारली, झालं. ती टेप एका उन्हाळ्यात सुटते. म्हणून हेडच्या मागच्या सात पिनच्या सॉकेटपासून दिव्यापर्यंत एकसंध वायर घ्या. जोड टाळताच येत नसेल तर आत गोंद असलेली, तापवली की आवळणारी नळी त्यावर चढवा. वायर चॅसीच्या आतल्या बाजूनं, पाइपातून न्या, म्हणजे वाढे अडकून तुटणार नाही आणि उंदरालाही सहज सापडणार नाही. प्लगमध्ये थोडं ग्रीस भरा.

अर्थिंग हा सगळ्यात मोठा घोळ. पुष्कळ जण अर्थची वायरच टाकत नाहीत, हुकाच्या पिनेतून करंट परत जाईल यावर भिस्त. पिनेला गंज आणि माती लागली की दिवे खड्ड्यागणिक पेटतात-विझतात. अर्थची वेगळी वायर टाका, विषय संपला. दोन ट्रॉल्या असतील तर पहिलीच्या मागंही सॉकेट पाहिजे, कारण दिवा शेवटच्या ट्रॉलीला असेल तरच अर्थ आहे. आणि एलईडी लावल्यावर इंडिकेटर फार भराभर लुकलुकायला लागले तर घाबरू नका. जुना फ्लॅशर बल्बच्या हिशेबाचा असतो, एलईडीचा फ्लॅशर टाकला की बरोबर होतं.

जागा कुठली? फार खाली लावला तर चिखल, फार वर लावला तर उसात गडप. चॅसीच्या मागच्या टोकाला, पट्टीच्या आत दबलेला आणि वर लोखंडी जाळी असलेला दिवा यार्डातल्या धक्क्यातून वाचतो. माल इतका लोंबतो की तोही झाकतो, अशी ट्रॉली असेल तर एक लाकडी किंवा पत्र्याची पट्टी करा, तिच्यावर दोन दिवे आणि रेडियम, लांब वायर आणि प्लग. भरणी झाल्यावर पट्टी मागच्या मोळ्यांना हुकानं अडकवायची, खाली करायच्या आधी काढून हेडवर ठेवायची. कापसाच्या बोऱ्या भरून मानवत-सेलूला जाणाऱ्या ट्रॉलीलाही हीच युक्ती चालते. चोरीची भीतीही यानं मिटते.

'हे आमचं काम आहे का?'

दुसरा युक्तिवाद असा, की हे कारखान्यांनी आणि आरटीओनं बघावं. बघावंच. दिवा नसलेली ट्रॉली यार्डातून बाहेर सोडायची नाही, असा नियम गेटवरच पाळला गेला तर पंधरा दिवसांत चित्र पालटेल, आणि ती मागणी आपण मोठ्यानं केली पाहिजे. दंडही हवा. पण दंडाची पावती रात्री अकराला पाथरी रोडवर उजेड पाडत नाही. आणि ऊस वाहणाऱ्या ड्रायव्हरदादाला सगळा दोष देऊन आपण सुटू नये. तो अठरा-अठरा तास जागा असतो, ट्रॉली त्याची नसते, आणि मागच्या धडकेत त्याच्याही जिवाला धोका असतो.

तिसरा युक्तिवाद पैशाचा. दोन चांगले सीलबंद दिवे, वायर, सॉकेट, प्लग, सगळं धरून खर्च ट्रॉलीच्या एका नव्या टायरपेक्षा कितीतरी कमी येतो. टायर फुटला की आपण उधारी करूनही त्याच दिवशी आणतो. कारण टायरविना ट्रॉली चालत नाही. दिव्याविनाही ती चालू नये, एवढी साधी सवय आपल्याला घरात लावायची आहे.

तुमच्यात आयटीआयवाले आहेत, पॉलिटेक्निकवाले आहेत, आपल्या कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारे आहेत. रासेयोचं सात दिवसांचं शिबिर बहुतेक हिवाळ्यातच असतं, ऐन हंगामात. दरवर्षी ग्रामस्वच्छता, दरवर्षी प्रभातफेरी. एक दिवस ट्रॉल्यांना द्या. गावातल्या सगळ्या ट्रॉल्या देवळापुढं उभ्या करा, कुठल्या पेटतात कुठल्या नाही ते वहीत लिहा, वायर बदला, रेडियम पुसा. आर्ट्सवाल्यांनाही जमेल, सॉकेटला डिग्री लागत नाही. बैलगाडीला करंट नाही, तिला मागं लाल पट्टी चिकटवा.

आणि पंक्चर झालेल्या ट्रॉलीमागं दगड आणि बाभळीची फांदी ठेवायची आपली जुनी पद्धत आता सोडा. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यावरच राहतात आणि पुढच्या बाइकवाल्याची वाट बघतात. चमकणारा लाल त्रिकोण घडी करून सीटखाली मावतो. तो ठेवा, निघताना उचला.

बाबांशी कसं बोलायचं, तेही सांगतो. 'नियम आहे' म्हणाल तर ते हसतील. 'बाबा, मी रोज रात्री त्याच रस्त्यानं येतो, पुढच्या ट्रॉलीला दिवा नसतो,' एवढंच सांगा. त्यांना स्वतःची ट्रॉली आठवेल. तुमच्यासारखंच कुणीतरी तिच्यामागूनही येत असतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही. ते गप्प बसले की वायरचं माप घ्यायला टेप आणा.

हंगाम सुरू व्हायच्या आत एका रविवारी संध्याकाळी अंधार पडू द्या, ट्रॉली जोडा, दिवे लावा आणि तिच्यापासून दीडशे पावलं मागं चालत जा. मग वळून बघा. एमएच २२ चा नंबर दिसला नाही तरी चालेल, तेवढ्या लांबून तो दिसतही नसतो. दोन लाल ठिपके दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर सोमवारचं काम ठरलं.